महासाथ आणि मुलांवरील औषधचाचण्या : वाचकांचे प्रश्न

संसर्गजन्य रोगाची महासाथ पसरलेली असताना लहान मुलांवर औषधांच्या आणि लशींच्या चाचण्या कराव्यात का, आणि केल्या तर कोणत्या अटींवर, या विषयावर आम्ही गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली पत्रे बहुतांशी पालकांची आहेत. काही विद्यार्थ्यांची आहेत आणि एक चौदा वर्षांच्या मुलाचे आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. कोविडच्या काळात तिच्या वयाच्या मुलांवर लशीच्या चाचण्या झाल्या, हे वाचून मी अस्वस्थ झाले. औषध मोठ्यांवर सिद्ध झाल्यावर वजनाच्या हिशेबाने मात्रा कमी करून तेच मुलांना का देऊ नये? मुलांना या सगळ्यापासून दूर ठेवणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग नव्हे का?

उत्तर : आपली अस्वस्थता रास्त आहे. जे मूल स्वतःसाठी निर्णय घेऊ शकत नाही त्याच्यावर एखादे औषध करून पाहायचे असेल, तर ते का करायचे याचे समाधानकारक उत्तर आधी मिळायलाच हवे. पण वजनाच्या हिशेबाने मात्रा कमी करण्याची जी वाट आपण सुचवता, त्या वाटेने गेल्यामुळे यापूर्वी बाळे दगावलेली आहेत. १९५० च्या दशकात जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक दिले जात असे. नवजात बाळाच्या यकृतातील विकरे या औषधाचा निचरा करण्याइतकी तयार झालेली नसतात आणि मूत्रपिंडांचे कामही मंद असते, हे तेव्हा पुरेसे लक्षात आले नव्हते. औषध रक्तात साठत गेले, बाळांचा रंग राखाडी पडला, रक्तदाब कोसळला आणि त्यांतील अनेक गेली. औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या बाळांच्या गटांची रीतसर तुलना झाली तेव्हा, म्हणजे १९५९ मध्ये, कारण उघड झाले. संशोधनाने जे आधी सांगायला हवे होते ते नंतर सांगितले.

कोविडच्या लशीचेच उदाहरण घेऊ. फायझर-बायोएनटेकच्या लशीची मात्रा १२ वर्षांवरील सर्वांना ३० मायक्रोग्रॅम, ५ ते ११ वर्षांच्या मुलांना १० मायक्रोग्रॅम आणि त्याहून लहानांना ३ मायक्रोग्रॅम अशी ठरली. हे आकडे तराजूवरून आलेले नाहीत. ५ ते ११ च्या गटात आधी १०, २० आणि ३० अशा तिन्ही मात्रा थोड्या मुलांना देऊन पाहिल्या, आणि १० मध्ये त्रास कमी होऊनही प्रतिकारशक्ती चांगली येते असे दिसल्यावर ती निवडली. त्याहून लहान मुलांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. २ ते ४ वर्षांच्या मुलांना ३ मायक्रोग्रॅमच्या दोन मात्रा पुरेशा पडत नाहीत, हे डिसेंबर २०२१ मध्ये लक्षात आले, तिसरी मात्रा वाढवावी लागली, आणि अमेरिकेत या वयाला परवानगी मिळाली ती जून २०२२ मध्ये. चाचणीशिवाय केवळ गणित मांडून लस दिली असती, तर अपुरे संरक्षण मिळालेली मुले आणि निर्धास्त झालेले पालक अशी स्थिती झाली असती.

काही आजार तर मोठ्यांवरून समजूच शकत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञांना कोविड होऊन काही आठवडे उलटलेल्या मुलांमध्ये तीव्र ताप, पुरळ, पोटदुखी आणि हृदयावर परिणाम करणारा दाह एकत्र दिसू लागला. पुढे त्याला बहुअवयवी दाह लक्षणसमूह म्हटले गेले. तो मुख्यतः मुलांनाच होत होता, म्हणून त्यावर कोणते औषध द्यावे हे मुलांवरील अभ्यासातूनच कळणार होते.

मुलांना दूर ठेवले की धोका टळतो असे आपल्याला वाटते, आणि माझे मत इथे ठामपणे वेगळे आहे. महासाथीत आजारी मूल रुग्णालयात येतेच आणि त्याला काही ना काही औषध द्यावेच लागते. रेमडेसिव्हिरला अमेरिकेत ऑक्टोबर २०२० मध्ये पूर्ण मान्यता मिळाली तेव्हा ती १२ वर्षांवरील आणि किमान ४० किलो वजनाच्या रुग्णांपुरती होती. २८ दिवसांच्या बाळापासूनच्या लहान मुलांसाठी पूर्ण मान्यता येण्यास एप्रिल २०२२ उजाडला. मधल्या दीड वर्षात गंभीर आजारी लहानग्यांना हे औषध तातडीच्या परवानगीखाली दिले गेलेच, पण मात्रेमागचा पुरावा तोकडा होता. चाचणीत मात्रा ठरलेली असते, रक्तातील औषधाची पातळी मोजली जाते, प्रत्येक त्रासाची नोंद होते आणि गरज पडल्यास सारे थांबवणारी स्वतंत्र समिती असते. चाचणीबाहेर तोच धोका प्रत्येक खाटेवर वेगवेगळा पत्करला जातो आणि त्यातून पुढच्या मुलासाठी काही शिकायला मिळत नाही.

प्रश्न : आपण संशोधनाची बाजू मांडता, पण गरीब आणि असहाय मुलांचा संशोधकांनी गैरफायदा घेतल्याची उदाहरणे कमी नाहीत. साथीच्या गोंधळात तर असे करणे अधिकच सोपे. मग विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा?

उत्तर : आपले म्हणणे खरे आहे आणि ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील विलोब्रुक या संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे दीड दशक बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना मुद्दाम काविळीच्या विषाणूचा संसर्ग करून अभ्यास केले गेले. ‘एरवीही त्यांना तिथे कावीळ झालीच असती’ असे समर्थन दिले जात होते. संस्थेची अस्वच्छता आणि गर्दी दूर करण्याऐवजी तिचा उपयोग करून घेणारे हे समर्थन होते, आणि साथीच्या काळात आजही याच चालीचा युक्तिवाद कानांवर येतो, म्हणून तो ओळखता यायला हवा.

दुसरे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचे आहे. १९९६ मध्ये नायजेरियातील कानो येथे मेंदुज्वराची मोठी साथ आली असताना एका बहुराष्ट्रीय औषध कंपनीने सुमारे २०० मुलांवर ट्रोव्हाफ्लॉक्सासिन या नव्या औषधाची प्रस्थापित औषधाशी तुलना केली. त्यांतील ११ मुले दगावली. नव्या औषधाच्या गटातील ५ आणि जुन्या औषधाच्या गटातील ६ असे हे मृत्यू होते, त्यामुळे केवळ आकड्यांवरून नव्या औषधाला दोष देता येत नाही. खरा वाद वेगळाच होता. आपले मूल चाचणीत आहे हे पालकांना ठाऊक होते का? तोंडी संमती घेतली होती, असे कंपनीचे म्हणणे. आम्हाला काही सांगितलेच नाही, असे अनेक पालकांचे म्हणणे. नैतिकता समितीच्या परवानगीच्या पत्राबद्दलही गंभीर शंका घेतल्या गेल्या. वर्षानुवर्षे खटले चालले आणि २००९ मध्ये कानो राज्याशी तडजोड झाली. पण किंमत तेवढ्यावर भागली नाही. २००३ मध्ये कानोमध्ये पोलिओच्या लसीकरणावर बहिष्कार पडला, त्यामागच्या कारणांत या घटनेतून आलेला अविश्वासही धरला जातो. त्यानंतर उत्तर नायजेरियातून पोलिओ इतर देशांत पुन्हा पसरला. एका साथीत घाईने केलेल्या कामामुळे वेगळ्याच रोगाची लस नाकारली गेली आणि त्या नकाराचे परिणाम त्या चाचणीशी काहीही संबंध नसलेल्या मुलांनी भोगले.

म्हणून विश्वास व्यक्तींवर ठेवू नये, व्यवस्थेवर ठेवावा, आणि ती काम करते की नाही हे विचारत राहावे. माणसांवरील प्रयोगांसाठी नियम घालून देणाऱ्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने स्वतःची ऐच्छिक संमती अनिवार्य ठरवली. ती शब्दशः पाळली तर मुलांवर कोणतेच संशोधन होऊ शकले नसते. वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांविषयीच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने पालकांच्या संमतीची वाट मोकळी केली, आणि नंतरच्या नियमांनी तिला कुंपण घातले. त्या कुंपणाचा गाभा असा, की मुलाला स्वतःला थेट लाभ होण्याची शक्यता नसेल, तर त्याला पत्करायला लावायचा धोका अगदी किरकोळ असला पाहिजे, आणि जो प्रश्न मोठ्यांवरील अभ्यासातून सुटू शकतो त्यासाठी मुलांना हात लावू नये. साथीमुळे परवानगीचे काम रात्रंदिवस बसून लवकर उरकता येते, उरकावेही. पण निकष सैल करता येत नाहीत. नैतिकता समितीत बालरोगतज्ज्ञ होते का आणि संशोधनाशी हितसंबंध नसलेले सामान्य नागरिक होते का, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे.

प्रश्न : मी चौदा वर्षांचा आहे. आईबाबांनी सही केली, पण मला चाचणीत भाग घ्यायचा नसेल, तर माझ्या नकाराला काही किंमत आहे का?

उत्तर : आहे, आणि तू हे विचारलेस याचा मला आनंद वाटला. पालकांची संमती आवश्यक असते, पण ज्याला समजते अशा मुलाचा होकारही वेगळा घ्यावा लागतो. तो कोणत्या वयापासून घ्यायचा आणि लेखी घ्यायचा की तोंडी, हे देशादेशांत वेगळे आहे. चौदाव्या वर्षी मात्र तुला समजेल अशा भाषेत माहिती मिळाली पाहिजे, आणि तुझ्या प्रश्नांची उत्तरे आईबाबा जवळ नसतानाही मिळाली पाहिजेत. तू गप्प बसलास म्हणजे हो म्हणालास, असे कोणी धरू नये. मधेच नको वाटले तरी तसे सांगता येते, आणि त्यामुळे तुझ्या नेहमीच्या उपचारांत काही फरक पडता कामा नये. अपवाद एकच आणि तो अरुंद आहे : जीव वाचवू शकेल असा उपचार फक्त चाचणीतच मिळत असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर पालक आणि डॉक्टर तुझ्या नकारापलीकडे जाण्याचा विचार करू शकतात. तेव्हाही तुला नीट समजावून सांगण्याची त्यांची जबाबदारी संपत नाही. नको वाटण्याचे कारण कधीकधी सुईची भीती एवढेच असते, आणि त्वचा बधिर करणारे मलम लावून ती बरीच कमी करता येते. तसे असेल तर तेही मोकळेपणाने सांग.

प्रश्न : मूल अतिदक्षता विभागात, आई विलगीकरणात, डॉक्टर नखशिखांत झाकलेले. अशा वेळी मिळालेल्या संमतीला खरी संमती म्हणायचे का?

उत्तर : कोविडच्या काळात हा प्रश्न कागदावरचा राहिला नाही. सही केलेला कागद संसर्गाच्या भीतीने विभागाबाहेर नेता येत नव्हता, म्हणून दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओ कॉलवर, साक्षीदाराच्या उपस्थितीत संमती घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली. ती वाईट नाही. कधीकधी चाचणीतील डॉक्टर आणि पालक यांच्यात त्यामुळे अधिक निवांत बोलणे होते. अडचण माध्यमाची कमी आणि मनःस्थितीची जास्त आहे. घाबरलेल्या पालकांना चाचणी म्हणजे मुलासाठी खास निवडलेला, अधिक चांगला उपचार वाटतो. प्रत्यक्षात कोणता उपचार चांगला हे ठाऊक नसते म्हणूनच चाचणी चाललेली असते, आणि मूल कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरही ठरवत नाहीत.

मला योग्य वाटणारी रीत अशी, की पहिल्या तासात थोडक्यात आवश्यक तेवढे सांगून प्राथमिक संमती घ्यावी आणि मूल स्थिरावल्यावर, एक-दोन दिवसांनी, सविस्तर बोलून ती पुन्हा घ्यावी. शक्य असेल तिथे हे बोलणे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी करू नये, कारण मुलाचा जीव ज्यांच्या हाती आहे त्यांना नाही म्हणणे पालकांना अवघड जाते. चाचणीत भाग घेतला नाही तर माझ्या मुलाला कोणता उपचार मिळेल, हा एक प्रश्न तरी पालकांनी विचारावाच. त्याचे सरळ उत्तर मिळत नसेल तर सही करण्याची घाई करू नये.

प्रश्न : मी परिचर्येची विद्यार्थिनी आहे. ५ ते ११ वयोगटातील लशीची चाचणी जेमतेम सव्वादोन हजार मुलांवर झाली असे वाचले. कोट्यवधी मुलांना लस देण्यासाठी एवढी संख्या पुरते का?

उत्तर : एका प्रश्नासाठी पुरते, दुसऱ्यासाठी पुरत नाही, आणि दोन्हींतला भेद जाहीरपणे सांगितला गेला असता तर बराच गैरसमज टळला असता. त्या चाचणीत २,२६८ मुले होती. दोनतृतीयांश मुलांना लस मिळाली आणि बाकीच्यांना प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठी दिलेली, लस नसलेली सुई. लस मोठ्यांमध्ये परिणामकारक असल्याचे आधीच सिद्ध झालेले असल्यामुळे मुलांमध्ये तितकीच प्रतिपिंडे तयार होतात का, एवढे पाहणे पुरेसे असते. त्यामुळे मोठ्यांच्या चाचणीसारखी हजारो मुले दाखल करून किती आजारी पडतात याची वाट पाहावी लागत नाही. कमीत कमी मुलांवर प्रश्न सोडवणे हेही नैतिकतेचेच मागणे आहे.

दुर्मीळ दुष्परिणामांचे गणित मात्र वेगळे असते. लस घेतलेल्या दीड हजार मुलांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी तो प्रत्यक्षात पाचशेत एकाला होत असण्याची शक्यता संख्याशास्त्राने पूर्णपणे नाकारता येत नाही; लाखात एखाद्याला होणारी गोष्ट तर अशा चाचणीत दिसणारच नाही. तरुण मुलग्यांमध्ये फायझरसारख्या एमआरएनए लशींनंतर क्वचित होणारा हृदयस्नायूंचा दाह २०२१ मध्ये प्रत्यक्ष लसीकरणातूनच लक्षात आला, आणि त्यानंतर अमेरिकेच्या नियामकांनी लहान मुलांच्या चाचण्यांतील संख्या वाढवायला लावली. २००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) महासाथीत युरोपात वापरलेल्या पॅन्डेमरिक्स लशीनंतर काही मुलांना नार्कोलेप्सी हा झोपेचा विकार जडला, हेही २०१० मध्ये फिनलंड आणि स्वीडनमधील नोंदींतून उघड झाले. तेव्हा चाचणीला परवानगी देतानाच लसीकरणानंतरची नोंदव्यवस्था तयार आहे का, हे पाहिले पाहिजे. आपल्या व्यवसायात या नोंदी करणारे पहिले हात परिचारिकांचेच असतात.

मोठ्यांवर आधी चाचणी, मग किशोरवयीन, मग लहान, अशी उतरती क्रमवारी का असते, असेही आपण विचारले आहे. १९६६ च्या सुमारास आरएसव्ही या श्वसनरोगाच्या विषाणूवरील एक निष्क्रिय, म्हणजे मारलेल्या विषाणूपासून बनवलेली, लस तान्ह्या मुलांना दिली गेली. संरक्षण मिळण्याऐवजी पुढच्या संसर्गात लस घेतलेली बाळे अधिक आजारी पडली. अमेरिकेतील एका गटात संसर्ग झालेल्या बाळांपैकी ८० टक्के रुग्णालयात दाखल करावी लागली आणि दोन मुले दगावली. ज्यांच्या शरीराने तो विषाणू कधी पाहिलेलाच नव्हता त्यांच्यातच हे घडले. नव्या विषाणूच्या साथीत सर्वांची अवस्था तीच असते, म्हणून सावकाश पायऱ्या उतरणे शहाणपणाचे. पण एक पायरी सुरक्षित दिसताच पुढची लगेच सुरू करावी. २०१५ मध्ये गिनीतील इबोला लशीच्या चाचणीत सुरुवातीला फक्त प्रौढ होते, आणि लस उपयोगी ठरत असल्याचे दिसल्यावर ६ ते १७ वर्षांच्या मुलांना सामावून घेतले गेले.

प्रश्न : चाचणीसाठी मुलाचे किती रक्त घेतात? आणि प्लासिबो देणे म्हणजे आजारी मुलाला उपचाराविना ठेवणे नव्हे का?

उत्तर : युरोपातील मार्गदर्शक सूचनांनुसार संशोधनासाठी एका वेळी शरीरातील एकूण रक्ताच्या १ टक्का आणि चार आठवड्यांत ३ टक्क्यांहून अधिक रक्त घेऊ नये. दहा किलोच्या मुलात साधारण ८०० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे एका वेळी ८ आणि महिन्याला सुमारे २४ मिलिलिटर. मूल रक्तक्षयी किंवा गंभीर आजारी असेल तर त्याहूनही कमी घ्यावे. प्लासिबो गटातील मुलालाही प्राणवायू, सलाइन आणि एरवीचे सर्व सिद्ध उपचार मिळतातच. प्लासिबो केवळ नव्या, असिद्ध औषधाच्या जागी असते. परिणामकारक औषध आधीच उपलब्ध असेल, तर तुलना त्याच्याशी करावी.

प्रश्न : पुढच्या महासाथीत मुले पुन्हा मागे राहू नयेत यासाठी आत्ता काय करता येईल?

उत्तर : साथ आल्यावर आराखडा लिहायला बसलो तर उशीर झालेलाच असतो. ब्रिटनमधील रिकव्हरी ही कोविडवरील अनेक औषधे तपासणारी चाचणी मार्च २०२० मध्ये सुरू झाली, जूनमध्ये तिने डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने गंभीर कोविड रुग्णांचे मृत्यू कमी होतात हे दाखवले, आणि बहुअवयवी दाहाच्या मुलांसाठीही तीच यंत्रणा वापरता आली. त्याहून चांगला धडा काँगोतील इबोला साथीतला आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या चार औषधांच्या तुलनात्मक चाचणीत कोणत्याही वयाचे रुग्ण घेतले गेले. इबोला झालेल्या मातांची नवजात बाळेही त्यात येऊ शकत होती. ६८१ रुग्णांनंतर दोन प्रतिपिंड-औषधे सरस ठरली, आणि २०२० च्या अखेरीस त्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती नवजात बाळांसकट सर्व वयांसाठी. मुले पहिल्या दिवसापासून आत होती म्हणून परवान्यातही ती राहिली. रेमडेसिव्हिरच्या बाबतीत गेलेले दीड वर्ष इथे वाचले.

दुर्दैवाने हा धडा मुरलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये एमपॉक्सची (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) जागतिक आणीबाणी जाहीर झाली तेव्हा काँगोमधील रुग्णांत मुलांचा वाटा मोठा होता, आणि त्यावरील जगात सर्वाधिक हाती असलेल्या एमव्हीए-बीएन लशीचा परवाना मात्र १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीच होता; युरोपात तो १२ ते १७ वयोगटापर्यंत वाढवण्यास सप्टेंबर उजाडला. त्याच देशात टेकोव्हिरिमॅट या औषधाच्या चाचणीत मात्र मुले सुरुवातीपासून होती. औषधाने पुरळ लवकर बरे होत नाही असा निकाल आला. तरीही चाचणीतील ५९७ रुग्णांमध्ये, दोन्ही गट धरून, मृत्यूचे प्रमाण १.७ टक्के, म्हणजे देशातील एरवीच्या प्रमाणाहून बरेच कमी राहिले, कारण सर्वांना रुग्णालयात ठेवून चांगली शुश्रूषा मिळाली. आत्ता करण्याजोगे काम म्हणजे बालरुग्णालयांचे जाळे, आधीच तपासून ठेवलेले आराखडे, मुलांना समजतील अशी माहितीपत्रके आणि पालकांशी शांत काळात झालेली बोलणी. यासाठी पैसा साथ नसताना लागतो, आणि नेमका तेव्हाच तो कोणी देत नाही. शासनांकडे आणि निधी देणाऱ्या संस्थांकडे वाचकांनी धरायचा आग्रह हाच आहे.

प्रश्न : चाचणी संपल्यावर निकाल आम्हाला कळतो का? मुलाच्या रक्ताच्या नमुन्यांचे पुढे काय होते?

उत्तर : हेलसिंकी जाहीरनाम्यानुसार प्रत्येक चाचणीची नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सार्वजनिक सूचीत व्हायला हवी आणि निकाल, प्रतिकूल असला तरी, प्रसिद्ध व्हायला हवा. भाग घेणाऱ्यांना तो कळवण्याची व्यवस्थाही असायला हवी. ती आहे का, हे सुरुवातीलाच विचारावे. साठवलेले नमुने पुढील संशोधनासाठी वापरायचे असतील, तर मूल सज्ञान झाल्यावर त्याला विचारले गेले पाहिजे आणि त्याला ते परत घेण्याची मुभा असली पाहिजे, कारण ती संमती पालकांनी त्याच्या वतीने दिलेली होती. नमुने कोणत्या संस्थेकडे आहेत आणि तिथे कोणाशी संपर्क साधायचा, हे संमतिपत्राच्या आपल्याकडील प्रतीवर लिहिलेले आहे ना, ते सही करण्यापूर्वी पाहून घ्यावे आणि ती प्रत मूल सज्ञान होईपर्यंत जपून ठेवावी.